तुटायचं कुठं

गळाला हल्ली दोन जातींचे दोरे लागतात, आणि त्या दोन जाती एकमेकींत सुखासुखी मिसळत नाहीत. रिळावर असतो तो पेडांचा, वेणीसारखा विणलेला बारीक दोरा. पोरं त्याला 'ब्रेड' म्हणतात. (आमच्या वहिनींना कितीतरी दिवस वाटायचं, की पोरं गरवायला जाताना पाव बरोबर नेतात.) त्याच्या पुढं, गळाच्या बाजूला, दीड-दोन वाव तंगूस जोडायचा, त्याला 'लीडर' म्हणायचं. हा लीडर सगळ्यांच्या पुढं असतो आणि दगडाला पहिला तोच घासतो, एवढं सांगितलं म्हणजे आपल्या माहितीतल्या लीडरांशी त्याचं नातं नाही हे कळेल.

या दोघांना जोडणारी जी गाठ, तिच्याविषयी लिहायचं आहे. गाठ केवढी, तर भाताच्या दाण्याएवढी. पण गेली पाच-सहा वर्षं आमच्या घरात तिच्यावरून जेवढा वाद झालाय, तेवढा जमिनीच्या वाटण्यांवरूनही झाला नाही.

आमचं गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीच्या काठाला. आम्ही मासेमारीवर जगणारे नव्हेत. चार कुणगे भाताचे, थोडी आंब्याची कलमं, आणि मी नोकरीत आयुष्य काढलेला. पण खाडीकाठी राहून ज्याला गरवता येत नाही तो माणूस आमच्याकडं अडाणी समजतात, मग तो कितीही शिकलेला असो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. बाजारात मासळी सोन्याच्या भावानं. त्या दिवसांत खडपावर, जेटीवर, तिवरांच्या कडेला माणसं गरी घेऊन उभी असतात. भरतीला मासा आत येतो, सुकतीला बाहेर पडतो. माणसानं त्या दोन वेळा सांभाळायच्या. बाकी सगळं नशीब आणि सुंगटं.

पूर्वी दोरा एकच असायचा. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांच्या लहानपणी तर सुताचा. तो ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून काढायचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात जरा जास्त दिवस टिकायचा. जास्त म्हणजे किती, तर एखाद-दोन हंगाम. मग नायलॉन आलं. ते अमेरिकेत १९३५ साली तयार झालं म्हणतात. आमच्या खाडीत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. आबांनी पहिल्यांदा तंगूस हातात घेतला तेव्हा दातानं चावून बघितला आणि म्हणाले, "ह्यो कुजाचो नाय." ते कौतुकानं म्हणाले होते.

ब्रेड त्याच्याही पुढची गोष्ट. पॉलिथिलीनच्या विशेष जातीचे केसासारखे धागे चार पेडी किंवा आठ पेडी विणून तो करतात. जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी आणि ताकद २०-३० पौंडांची. ताणला तरी लांबत नाही, त्यामुळं माशानं नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. पण त्याचे दोष त्याच्या गुणांच्याच पोटात आहेत. ताणत नाही म्हणून झटका सोसत नाही. बारीक म्हणून कालवांच्या धारेवर एकदा घासला की गेला. आणि गुळगुळीत इतका, की साधी गाठ मारली तर बोटांसमोर सुटून जाते. म्हणून पुढं तंगुसाचा लीडर: तो जाड, थोडा ताणणारा, दगडाला टिकणारा, आणि पाण्यात पटकन न दिसणारा. थोडक्यात, लांबून खबर आणायला एक आणि धक्के खायला दुसरा. जोडी बरी आहे. फक्त एक जण बारीक-निसरडा आणि दुसरा जाड-ताठ, त्यांना बांधायचं कसं?

इथं संसाराची उपमा सुचते. ती फार जणांनी वापरून गुळगुळीत केलेली आहे, तेव्हा सोडून देतो.

बांधायच्या रीती पुष्कळ आहेत, पण आमच्याकडं दोनच चालतात. एक 'डबल युनी'. दोन्ही दोरे समोरासमोर ठेवायचे, प्रत्येकानं दुसऱ्याभोवती फास करून आत वळसे घ्यायचे, ब्रेडचे सात-आठ आणि तंगुसाचे तीन-चार. थुंकी लावायची, ओढायचं, दोन फास सरकत येऊन एकमेकांना टेकतात. काळोखात, पावसात, गार पडलेल्या बोटांनी जमते. पण गाठ जाड होते, रॉडच्या कड्यांतून जाताना टकटक करते, आणि दोऱ्याची पूर्ण ताकद तिच्यात उतरत नाही.

दुसरी 'एफजी'. जपानी लोकांकडून आलेली. हिच्यात लीडर कुठंही दुमडत नाही. ब्रेड ताणून धरायचा, एक टोक दातात, दुसरं रॉडला, आणि त्या ताठ ब्रेडवर लीडर एकदा वरून, एकदा खालून असा फिरवत राहायचा. वीसेक वेढे. वेणी घालताना जसं एक बट वर, एक बट खाली, तसं. मग अर्ध्या फासानं ते बांधून ओलं करायचं आणि हाताला फडकं गुंडाळून अंगातला जोर लावून ओढायचं. नीट बसली की ब्रेडचा रंग बदलतो, गडद होतो. तो तंगुसाच्या अंगात रुतलेला असतो. मग आणखी चार-सहा अर्धे फास, उरलेला लीडर कापायचा, टोकाला उदबत्तीचा चटका द्यायचा. हे सांभाळून, कारण नायलॉन वितळायला दोनशेच्या वर अंश लागतात आणि ब्रेड दीडशेच्या आतच पाणी होतो. उदबत्ती जरा सरकली की सगळं पहिल्यापासून. त्यावर पुन्हा चार फास. झाली गाठ. कड्यांतून जाते तेव्हा जाणवतसुद्धा नाही.

या गाठीची खुबी अशी, की ती फक्त ओढीवर टिकते. जितकं ओढाल तितकी आवळते. वेढे घालताना ताण क्षणभर ढिला पडला, तर पुढची सगळी मेहनत वाया. आणि मुख्य म्हणजे, ढिली झालेली एफजी दिसायला पक्क्या एफजीसारखीच दिसते. डबल युनी बिघडली तर डोळ्यांना कळतं. एफजी बिघडली तर मासा लागल्यावरच कळतं, आणि तेव्हा ते मारणाऱ्याला कळत नाही, ज्याच्या हातात रॉड आहे त्याला कळतं.

वाद सुरू झाला तो इथून. माझा पुतण्या गेली काही वर्षं मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना गरवायला घेऊन जातो. चांगला धंदा आहे, मी नावं ठेवत नाही. कातळावरची नोकरी नसलेली पोरं काय काय करतात हे बघितलं, तर हा मुलगा पहाटे उठून प्रामाणिक काम करतो. पाहुणे महागाचे रॉड आणतात, पण गाठी बहुतेकांना येत नाहीत. त्या हा मारून देतो. भरतीची वेळ ठरलेली, सहा माणसं रांगेत, प्रत्येकाला घाई. एफजीला याच्या सरावाच्या हातालाही चार-पाच मिनिटं लागतात, आणि ओढून तपासायचं तर आणखी. डबल युनी दीड मिनिटात.

पहिला प्रश्न त्यानंच विचारला. विचारला म्हणजे रागानं सांगितला. मी त्याला म्हटलं होतं, प्रत्येक गाठ फडकं गुंडाळून ओढून बघ. तर म्हणाला, "काका, तेंका काय कळता? तेंका मासो होयो. गाठ कोण बघता?"

या वाक्यात जगातल्या निम्म्या धंद्यांचा कारभार आहे. भिंतीच्या आतली सळई कोण बघतो, अस्तराच्या आतली शिवण कोण बघतो. न दिसणारं काम चोख का करावं, याचं उत्तर शाळेत आम्हाला 'देव बघतो' असं द्यायचे. त्यावर मी त्याला काही बोललो नाही, कारण देवाची साक्ष काढून गाठ घट्ट होत नाही. माझं म्हणणं साधं होतं. पाहुणा तुझ्या गाठीवर विसंबून मोठ्या माशाशी झुंजणार आहे. गाठ सुटली तर तो म्हणेल मासा मोठा होता, किंवा माझं नशीब खोटं. तुझ्यावर आळ येणार नाही. ज्या कामात आळ येत नाही त्याच कामात माणसानं स्वतःहून ओढून बघायला पाहिजे, कारण तिथं दुसरं कुणी ओढून बघणारच नाही.

तो यावर जे बोलला ते मला अजून पटतं. म्हणाला, "तुमी घरात पंख्याखाली बसून एफजी मारतास. वाऱ्यात नि काळोखात ती कोण मारतलो?" खरं आहे. खडपावर वारा ब्रेडला धरू देत नाही, तोंडात दोरा घेऊन वर मान केली की पाऊस डोळ्यांत. तिथं घाईत मारलेल्या एफजीपेक्षा नीट मारलेली डबल युनी शंभर पटींनी बरी. चांगली गाठ म्हणजे सगळ्यात मजबूत गाठ नव्हे. या हातांना, या वेळेला, या जागी जी पक्की बसेल ती. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण कामाच्या बाबतीतली ही गोष्ट मला एवढ्या स्वच्छपणे कुणी सांगितली नव्हती. त्यानंतर तो घरूनच रात्री एफजी मारून, ओढून, लीडर गुंडाळून न्यायला लागला, आणि खडपावर तुटलं तर डबल युनी. इथवर आमचं जमलं.

मग ढोकरीचं झालं.

पावसाळा संपता संपता, भांगाच्या दिवसांत, आम्ही दोघं सुकतीला तिवरांच्या कडेनं होडी नेत होतो. एका तिवराच्या फांदीला काहीतरी लोंबत होतं. जवळ गेल्यावर दिसलं, ढोकरी होती. एक पंख पसरलेला, दुसरा अंगाशी आवळलेला, मान खाली. मरून आठवडा तरी झाला असावा, नुसती पिसं आणि हाडं. पंखाभोवती हिरवा ब्रेड, दहा-बारा वेढे. ती जितकी धडपडली असेल तितका तो आवळत गेला असणार. त्या दोऱ्याचा स्वभावच तो.

पुतण्या चाकूनं सोडवायला लागला. दोरा संपेना. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, तिथून मुळांत. आम्ही तो गोळा करत गेलो, वीस-पंचवीस वाव भरला. पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतं. भरती त्याला झाडांवर पसरते आणि सुकती तिथंच टांगून ठेवून जाते. दुसरं टोक तिवराच्या मुळाशी गेलेलं. तिथं लीडर, आणि लीडरच्या टोकाला गळ. गळाला माशाचा जबडा होता. तांबोशीचा असावा. तांबोशी लागली की पहिल्या झटक्यात मुळांत नाहीतर दगडाखाली घुसते. ही घुसली होती आणि लीडरनं मुळाला तिढा घेतला होता. म्हणजे दोरा तुटल्यावर मासा सुटला नव्हता. दाव्याला बांधलेल्या गुरासारखा तिथंच राहिला होता.

पुतण्यानं लीडर आणि ब्रेडची जोड बोटांत धरून उजेडाकडं केली. एफजी होती. पावसापाण्यात एवढे दिवस राहून तिचा एक फास हललेला नव्हता.

"गाठ एकदम बरी हा, काका," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "ही माजीच असतली."

मी म्हटलं, एफजी मारणारे खाडीवर काय तू एकटाच आहेस? तो म्हणाला, शेवटचे फास आपण एक डावीकडून, एक उजवीकडून असे घालतो, पाच डावे-उजवे आणि मग एक तिहेरी. मोजून दाखवले. मी बघितलं नाही. माझे डोळे आता एवढं बारीक मोजत नाहीत, आणि मोजायची इच्छाही नव्हती.

परत येताना होडीत तो हिशेब करत होता. लीडर ६० पौंडी होता. पाहुण्यानं मागितला असणार, तांबोशीसाठी जाडच मागतात, दगडाला घासून जाऊ नये म्हणून. ब्रेड हाताला लागत होता वीसचा. गाठ पूर्ण ताकदीची. मग तुटणार कोण? साखळीत जो कच्चा तोच. लीडर तुटला नाही, गाठ सुटली नाही. ब्रेड तुटला, तोही वर, रॉडजवळ, कुठंतरी कड्याला घासला असेल तिथं. सगळ्या जागा मजबूत केल्या आणि कच्ची जागा माणसाच्या हाताशी येऊन राहिली. परिणामी पंचवीस वाव दोरा खाडीत. गाठ जर वाईट असती, दहा पौंडाला सुटली असती, तर मासा दोन वाव तंगूस घेऊन गेला असता आणि ब्रेड परत रिळावर आला असता. ढोकरी तिवरावर बसली असती.

म्हणजे मी जे त्याला शिकवत होतो, की प्रत्येक गाठ पूर्ण ताकदीची मार, ओढून बघ, ते अपुरं होतं. गाठ किती पक्की हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की हे सगळं एक ना एक दिवस तुटणारच आहे, तर ते कुठं तुटावं हे आधी कोण ठरवणार? मासा ठरवणार नाही. दगड ठरवेल, पण दगडाला पक्ष्याचं काय? ज्यानं दोरे निवडले आणि गाठ मारली, त्याच्यावरच ते येतं. आणि त्यानं ठरवलं नाही, तरी ते ठरतंच.

मला आबांची आठवण झाली. आबा शिसाचा गोळा कधी मुख्य दोऱ्याला बांधायचे नाहीत. घरातल्या जुन्या गोधडीचा, बोटानं तुटेल असा कच्चा दोरा काढायचे आणि शिसं त्याला लटकवायचे. शिसं दगडाच्या फटीत अडकलं की हिसका द्यायचा. कच्चा दोरा तुटायचा, गळ आणि मासा वर. "शिसा गेला तर जांवदे, दोरो जांवक नको." एवढंच त्यांचं शास्त्र. यात दया वगैरे काही नव्हतं. दोरा महाग होता, बाजार लांब होता, आणि आबा तसे चिकट होते. पण त्यांनी सबंध गरीत एक जागा मुद्दाम दुबळी ठेवली होती, आणि ती कुठली हे त्यांना माहीत होतं.

बरं, त्यांचा मुख्य दोरा राहिलाच पाण्यात, तर? सुताचा. चार-सहा महिन्यांत त्याचा चिखल. आबांना ढोकरीचा विचार करायची गरज पडली नाही, कारण तो विचार सूत करत होतं. मी जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. सुताचा दोरा हातातल्या माशासकट तुटायचा आणि त्या रात्री घरात नुसती पेज आणि लोणचं असायचं, हे मी ऐकलेलं आहे. मात्र पूर्वी कुजणं हे काम वस्तू करायची. आता वस्तू कुजत नाही. तेव्हा तिच्या वाटचं काम वापरणाऱ्याच्या अंगावर पडलंय, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंही नाही. रिळाच्या डब्यावर पौंड लिहिलेले असतात. तुटल्यावर पुढं काय, ते लिहिलेलं नसतं.

पुतण्यानं त्यावर दुसरा मुद्दा काढला, आणि तोही काही टाकाऊ नव्हता. ट्रॉलरवाले फाटलेली जाळी समुद्रात सोडतात, मैल न् मैल. वेळासला, इकडं आमच्या किनाऱ्यांवर, अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं, त्यांच्या पायांना जाळ्याचे तुकडे गुंतलेले सापडतात. त्यापुढं त्याचे पंचवीस वाव म्हणजे काय? हत्तीच्या शेणात मुंगीचं. मी एकाएकी उत्तर देऊ शकलो नाही. आकड्यांनी बघितलं तर त्याचंच खरं. पण जाळ्याचा तुकडा कुणाचा हे कासवालाही कळत नाही आणि सापडणाऱ्यालाही नाही. ही गाठ कुणाची हे त्यानं फास मोजून सांगितलं होतं. एवढा फरक त्याच्या-माझ्यापुरता मला पुरेसा वाटला. त्याला तेव्हा वाटला की नाही, ठाऊक नाही. तो दोन दिवस बोलला नाही.

मग त्यानं आपली पद्धत बदलली. कुणाला सांगून नव्हे. आता पाहुणा आला की आधी रिळावरचा ब्रेड किती पौंडी ते विचारतो. माहीत नसेल तर स्वतः ताणून अंदाज घेतो. तीसचा ब्रेड असेल तर चाळीसचा लीडर, दगडाला घासायला, त्याला एफजी. लीडरच्या खाली एक भिंगरी, आणि भिंगरीच्या पुढं गळापर्यंत हातभर तंगूस, वीसचाच. ही कच्ची जागा. तुटलं तर तिथं. मासा हातभर दोरा आणि गळ घेऊन जाईल. गळही स्टेनलेसचा ठेवत नाही, साधा ठेवतो, तो खाऱ्या पाण्यात गंजून गळून पडतो.

याचा खर्च आहे, आणि तो त्यालाच बसला. तांबोशी ज्या हातभर दोऱ्याला दगडावर घासते तोच आता पातळ. पहिल्याच महिन्यात दोन मोठ्या माशा गेल्या. एका पाहुण्याची गेली ती वर येऊन तोंड दाखवून गेली. चार-पाच किलोची सहज असेल. पाहुण्यानं तुटलेलं टोक बघितलं आणि विचारलं, की पुढचा दोरा एवढा बारीक का लावलास? पुतण्यानं खरं ते सांगितलं. पाहुणा म्हणाला, मी सहाशे किलोमीटर गाडी चालवत आलो ते पक्ष्यांसाठी नाही. पैसे दिले, पण पुन्हा आला नाही, आणि त्याच्या ओळखीचे जे यायचे तेही नाहीत.

इथं मला जरा अवघड वाटतं. तो पाहुणा वाईट माणूस नव्हता. त्यानं ज्याचे पैसे दिले ते त्याला पाहिजे होतं. आपल्या गिऱ्हाइकाला न विचारता आपली नीती त्याच्या दोऱ्यात बांधायचा अधिकार गाठ मारणाऱ्याला कुठून आला? आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं. आता तो आधी सांगतो. निघण्यापूर्वी, घरी चहा पिताना: आमच्याकडं असं बांधतात, मासा जायची शक्यता थोडी जास्त, चालेल का? काही जण हसतात आणि चालेल म्हणतात. काही जण विचारात पडतात. एक जण म्हणाला, साठचाच लीडर बांध, मी जबाबदार. तर यानं सांगितलं, मग ब्रेडही साठच्या वरचा आणा, माझ्याकडं नाही. तो माणूस दुसऱ्या पोराबरोबर गेला. ते पोरगं पाहिजे ते बांधून देतं, आणि त्याच्याकडं गर्दी असते. ते पोरगंही आमच्याच वाडीतलं, त्यालाही घर आहे. त्याला मी काय सांगणार?

वहिनींना हे सगळं पसंत नाही. त्यांचा मुलगा, त्याचं गिऱ्हाईक तुटतं आणि हे काका-पुतणे ढोकरीचे दिवस घालतात. त्यांनी एकदा ताट वाढताना विचारलं, "त्या तांबोशीक मारतास तेचा काय नाय, नि ढोकरी मेली तेचा एवढा?" आम्ही दोघं गप्प जेवलो. तांबोशीचीच आमटी होती. मला एवढंच सुचलं, की जी मारली ती खाल्ली. ढोकरी आणि मुळाशी बांधलेली ती तांबोशी कुणाच्याच पोटात गेली नाही. पण हे मी वहिनींना म्हटलं नाही. त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे आणि या उत्तरात तो मावत नाही, हे मला कळत होतं.

यंदाच्या मिरगाला त्यानं लीडरचा डबा नवा केला. एका खणात तीसच्या ब्रेडसाठीचे, एका खणात वीसच्या. रात्री आठ वाजता दिव्याखाली बसतो, दातात ब्रेड धरून वेढे घालतो, आणि मी फडकं गुंडाळून एकेक ओढून बघतो. रंग बदलला की त्याच्याकडं परत, उदबत्तीला. एवढं काम माझ्या डोळ्यांना अजून जमतं. तंटा राहिलाय तो वीसच्या खणावरून. वीसच्या ब्रेडला गळाजवळचा हातभर तंगूस किती पौंडी ठेवायचा? मी बारा म्हणतो. भिंगरीच्या गाठीत थोडी ताकद जाते, गळाच्या गाठीत थोडी जाते, ब्रेड जुना झालेला असतो. कच्ची जागा खात्रीनं कच्ची हवी. तो पंधरा म्हणतो.

"बाराक तांबोशी थांबाची नाय, काका."

म्हणून सध्या डब्यात दोन्ही आहेत, आणि भरतीला निघताना कुठला उचलायचा ते तो ठरवतो.